आधाररेषा आणि सुवर्णपदक

बंगळूरचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसास शहाजीराजांची जहागीर आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु या शहराच्या मातीशी निगडित असा आणखी एक वारसा आहे. तो तलवारीचा नाही. साखळीचा आणि मोजपट्टीचा आहे. १८०० सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगळूरनजीकच्या सपाट मैदानावर सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजण्यात आली. त्या रेषेपासून आरंभलेले काम पुढे अर्धशतकाच्या आत हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचले, आणि १८४८ मध्ये लंडनच्या एका विद्वत्संस्थेने त्या कामाचा गौरव केला. गौरव झाला तो एका नावाचा. ते नाव रेषा आखणाऱ्याचे नव्हते.

पृथ्वीच्या अभ्यासातील सन्मान कोणाला द्यावयाचा, हे विद्वत्संस्था कशा रीतीने ठरवितात, आणि त्या ठरविण्यात काय साधते व काय निसटते, हा या लेखाचा विषय आहे. आम्ही ज्यांच्यासाठी लिहीत आहो ते बहुतेक वाचक सरकारी सेवेत आहेत. नेमणूक होईल तेथे जावयाचे, नोंदवही नीट ठेवावयाची, आणि बदली झाली की ती पुढच्याच्या हाती सोपवावयाची, हा त्यांचा नित्यक्रम. म्हणून हा विषय त्यांना परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

प्रथम ती रेषा. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूरचा मुलूख इंग्रजांच्या मापाखाली आला. आर्थर वेलस्लीच्या पलटणीतील विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्याने या संधीचा उपयोग करून एक मोठी योजना मांडली. जमीन जरिबेने तुकड्यातुकड्याने मोजीत जाण्याऐवजी एकच रेषा अचूक मोजावी. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यावा. म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, आणि त्या बाजूंवर नवे त्रिकोण उभे करीत देशभर जाता येते. आरंभीची रेषा चुकली तर पुढचे सारेच चुकते. म्हणून तिला आधाररेषा म्हणावयाचे. लॅम्ब्टनजवळची शंभर फुटी पोलादी साखळी मूळची चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी पाठविलेल्या वस्तूंपैकी होती. ती तेथे स्वीकारली गेली नाही, आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आली. बंगळूरच्या मोजणीनंतर १८०२ मध्ये मद्रासेस सेंट टॉमस माऊंटजवळ दुसरी आधाररेषा मोजून कामाचा विधिवत् प्रारंभ झाला. तेथून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे आणीत १८०४ मध्ये बंगळूरास पुन्हा एक रेषा पडताळ्यासाठी प्रत्यक्ष मोजली, तेव्हा गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवरची लांबी यांत चार इंचांहूनही कमी अंतर पडले. दोनशे मैलांच्या रानावनांतून आणलेल्या हिशेबात सात मैलांमागे चार इंच! आपल्या कचेरीतील कोणता ताळेबंद इतका जुळतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

हे काम केवळ नकाशाचे नव्हते. लॅम्ब्टनला पृथ्वीचा आकार हवा होता. ध्रुवांकडे पृथ्वी किती चपटी आहे, हे कळण्यास एकाच रेखावृत्तावर निरनिराळ्या अक्षांशांत एका अंशाची लांबी किती भरते, ते पाहावे लागते. आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातील अशी मापे त्या काळी फार थोडी होती. आज ज्या शास्त्रास आपण भूभौतिकी म्हणतो त्याच्याशी भूमितीय मापनाचे नाते इतके जवळचे आहे, की १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाच्या नावातच ही दोन्ही शास्त्रे शेजारी शेजारी बसली आहेत. तेव्हा बंगळूरची ती रेषा या देशातील भूभौतिक संशोधनाच्या पहिल्या पाऊलखुणांपैकी एक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

लॅम्ब्टनने आपल्या रेखावृत्ताची माळ कन्याकुमारीपासून बीदरनजीकच्या दामरगिड्यापर्यंत आणली. वीस वर्षांहून अधिक काळ तो माणूस तंबूत राहिला. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले, ही त्याच्या पदरी पडलेली मोठी मान्यता. मुक्काम नागपूरकडे हलवीत असता २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीच्या घरात असताना, वर्धेजवळच्या हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. नागपूरच्या रस्त्याने जाणाऱ्या किती मराठी प्रवाशांना हे ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे.

त्याच्यामागे हे काम जॉर्ज एव्हरेस्टच्या हाती आले. एव्हरेस्ट १८१८ पासून लॅम्ब्टनचा साहाय्यक होता. त्याने माळ वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूने वर चढवीत मध्य हिंदुस्थानात नेली, मध्यंतरी आजारपणामुळे काही वर्षे विलायतेस काढली, आणि नवी उपकरणे घेऊन परतल्यावर १८४१ पर्यंत ती डेहराडूनच्या परिसरात पोहोचविली. एकूण लांबी सुमारे २,४०० किलोमीटर. एव्हरेस्ट कठोर, चिडखोर, परंतु अचूकतेच्या बाबतीत तडजोड न करणारा अधिकारी होता. पूर्वसूरीच्या मापांतही त्याने दोष काढले आणि ती पुन्हा घेतली. १८४३ मध्ये तो निवृत्त झाला व १८४७ मध्ये त्याने या मापनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

या वृत्तान्तामागे किती हात होते? अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट टेकडीवर चढविणारे खलाशी. रात्री मैलोगणती दूर मशाल किंवा निळा दिवा धरून बसणारे निशाणवाले. तापाने वाटेत पडलेले अनेक. अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हा कारागीर उपकरणांची दुरुस्तीच काय, बांधणीही करीत असे. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये गणक म्हणून नोकरीस लागले आणि पुढे या खात्याच्या गणिताचा मुख्य आधार बनले. १८५१ च्या सर्वेक्षणाच्या सरकारी ग्रंथात त्यांच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख होता. १८७० मध्ये ते वारले, आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गळाला. त्यावर कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रसृष्टीतूनही निषेध झाला. परंतु गळालेले नाव गळाले ते गळालेच.

आता या कामाची पारख करणाऱ्या लंडनच्या संस्थेकडे वळू. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ही १८२० मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले सुवर्णपदक १८२४ मध्ये चार्ल्स बॅबेज यांना त्यांच्या गणनयंत्राबद्दल मिळाले. आरंभीच्या वर्षांत एकाहून अधिक पदके दिली जात. १८३३ पर्यंत मात्र वर्षाला एकच पदक, असा रिवाज पडला. नाव कार्यकारी मंडळापुढे यावयाचे, त्यावर चर्चा व्हावयाची, आणि साध्या नव्हे तर तीन-चतुर्थांश बहुमताने ते मंजूर व्हावयाचे. नियम शहाणपणाचा होता. थोड्याशा मतांनी मिळालेला मान हा मान न राहता एका पक्षाचा विजय ठरतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

परंतु शहाण्या नियमाचीही परीक्षा व्हावयाची असते. १८४६ मध्ये नेपच्यून ग्रह सापडला. त्याचे स्थान फ्रान्सच्या लव्हेर्ये यांनी गणिताने सांगितले होते. इंग्लंडच्या ॲडम्स यांनीही तेच गणित स्वतंत्रपणे केले होते, पण ते वेळेवर प्रसिद्ध झाले नव्हते. पदक एक आणि दावेदार दोन. त्यांतही एक परका व एक घरचा. लव्हेर्ये यांच्या नावाला हवे तेवढे बहुमत मिळाले नाही, आणि दोघांना मिळून देण्यास रिवाज आड आला. परिणाम असा, की शतकातील एका मोठ्या शोधानंतर, १८४७ मध्ये, पदक कोणालाच मिळाले नाही! या कोंडीतून सुटका व्हावी म्हणून १८४८ मध्ये पदकाऐवजी बारा जणांना मानपत्रे देण्याचे ठरले. त्या बारांत ॲडम्स होते, लव्हेर्ये होते, आणि हिंदुस्थानातील रेखावृत्ताच्या मापनाबद्दल जॉर्ज एव्हरेस्ट होते. ॲडम्स यांना प्रत्यक्ष सुवर्णपदक मिळावयास १८६६ उजाडले, लव्हेर्ये यांना १८६८.

म्हणजे बंगळूरला आरंभ झालेल्या कामाचा गौरव झाला तो मूळ उद्देशाने नव्हे. दुसऱ्याच एका भांडणाने दार उघडले म्हणून झाला. आम्ही एव्हरेस्टचे श्रेय कमी लेखीत नाही. त्याने केले ते काम प्रचंडच होते. परंतु लॅम्ब्टन पहिल्या पदकापूर्वी वर्षभर आधीच हिंगणघाटच्या मातीत विसावला होता, आणि हयात नसलेल्याचा विचार करण्याची अशा संस्थांची सहसा रीत नसते. निशाणवाल्यांचा आणि गणकांचा तर प्रश्नच उद्भवला नाही. पुढे जगातील सर्वोच्च शिखरालाही एव्हरेस्टचेच नाव मिळाले. लॅम्ब्टनच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली.

निवडीतील हा दोष व्यक्तींचा की पद्धतीचा? आमच्या मते तो बराचसा या शास्त्राच्या स्वभावात आहे. पृथ्वी सावकाश बोलते. तिचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या टिपून घ्यावे लागते, आणि त्या टिपणाचा अर्थ कधी शंभर वर्षांनी उलगडतो. उलट निवड समितीसमोर असते ते एका माणसाचे, चालू काळातील, छापून आलेले कार्य. याचे उदाहरण द्यावयास दूर जावयास नको. आपल्याच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते सापडते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली, आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात नावाजलेले गणिती केरूनाना, हे कोवळ्या वयात प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथेच निरीक्षक झाले. सुईकडे पाहावयाचे, आकडा वहीत मांडावयाचा, पुन्हा तासाभराने पाहावयाचे; दिवस असो वा रात्र, पावसाळा असो वा सण.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर डागांच्या समूहापाशी एकाएकी प्रखर उजेड चमकताना दिसला. दुसऱ्या दिवशी जगभर तारायंत्रे बिघडली आणि पृथ्वीचे चुंबकत्व खवळले. कुलाब्याचे निरीक्षक एरवी तासातासाने नोंद करीत. त्या दिवशी सुई अस्वस्थ झालेली पाहताच त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपण्यास आरंभ केला. सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण त्यांच्या वहीत उतरली. जगातील अन्य अनेक ठिकाणी उपकरणांची मर्यादाच ओलांडली गेली होती. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली. २००३ मध्ये अमेरिकी व ब्राझिली संशोधक आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या वादळाची तीव्रता प्रथमच नीट अजमावता आली. उपग्रह आणि विजेची जाळी यांवर असे संकट पुन्हा कोसळले तर काय होईल, याचा अंदाज बांधताना आजही त्या नोंदीचा आधार घेतात.

आता योगायोग पाहा. कॅरिंग्टन यांना याच संस्थेचे सुवर्णपदक १८५९ सालीच मिळाले होते. पण ते त्या सौरज्योतीबद्दल नव्हे. वर्षाच्या आरंभी, ३,७३५ ताऱ्यांच्या यादीबद्दल ते दिले गेले होते. ज्या गोष्टीमुळे त्यांचे नाव आज घेतले जाते ती घडावयाची होती. आणि त्या दिवशी कुलाब्यात सुईजवळ बसलेल्या निरीक्षकांची आठवण पदकांच्या कोणत्याही यादीत नाही. येथे समितीने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. जे समोर होते त्याची तिने पारख केली; जे मोलाचे ठरावयाचे होते ते अद्याप वहीत निजले होते.

अनुभवाने नियम बदलतात. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९६४ पासून दर वर्षी दोन सुवर्णपदके देण्यास प्रारंभ केला. एक ज्योतिर्विज्ञानासाठी, एक भूभौतिकीसाठी. त्या पहिल्या वर्षी भूभौतिकीचे पदक समुद्रतळाचे संशोधक मॉरिस यूइंग यांना मिळाले. दोन्ही शास्त्रांचे नामांकन आज निरनिराळ्या समित्या पाहतात, कारण तारा पाहणाऱ्याने भूकंपलेखाची किंमत करावी हे सोपे नाही. याखेरीज एका व्यक्तीऐवजी संपूर्ण गटाला द्यावयाचा सन्मानही या संस्थेने अलीकडे सुरू केला आहे. आपल्या देशात हैदराबादच्या भारतीय भूभौतिक संघाचे पदक एम. एस. कृष्णन या भूवैज्ञानिकाच्या नावाने दिले जाते. संस्था कोणतीही असो, निवडीची सर्वसाधारण रीत ओळखीची आहे. जाणकार सभासदाने नाव सुचवावे. कामाचे सार थोडक्यात मांडावे. त्रयस्थांची पत्रे जोडावीत. समितीने बंद दाराआड तुलना करावी. ज्याचा हितसंबंध असेल त्याने बाजूस बसावे. आणि अखेर कार्यकारी मंडळाने शिक्कामोर्तब करावे. वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला जातो त्या आमच्या वाचकांना यातील गुणदोष सांगावयास नकोत. नाव सुचविणारा कोणी नसेल, तर उत्तमात उत्तम काम समितीच्या मेजापर्यंत पोहोचतच नाही.

निवडणारे कोण असावेत, हा प्रश्न बंगळूरनेही एकदा फार तीव्रतेने अनुभवला आहे. देशाची विज्ञान अकादमी कोठे व कोणाच्या पुढाकाराने व्हावी, यावर १९३० नंतरच्या वर्षांत कलकत्ता, अलाहाबाद आणि बंगळूर येथील शास्त्रज्ञांत मतभेद झाले. वाटाघाटी लांबल्या, तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २४ एप्रिल १९३४ रोजी बंगळूरास भारतीय विज्ञान अकादमीची नोंदणी करून टाकली. ३१ जुलै रोजी म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले; संस्थापक सदस्य पासष्ट होते. लगेच जानेवारी १९३५ मध्ये कलकत्त्यास दुसरी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष एक भूवैज्ञानिक, लुई फर्मर, हे झाले. रामन मात्र आपल्या अकादमीचे अध्यक्ष १९७० मधील निधनापर्यंत राहिले. या अकादमीचा मुख्य सन्मान पदक नव्हे, सदस्यत्व होय. नाव सदस्यांनीच सुचवावयाचे, विषयवार समितीने तपासावयाचे, आणि निवड सदस्यांच्या पसंतीने व्हावयाची. पृथ्वी व ग्रहविज्ञान हा तिच्यातील एक विभाग आहे, आणि त्याचे स्वतंत्र नियतकालिकही आहे.

त्याच नियतकालिकात १९९५ मध्ये एक निबंध आला. विनोद गौर व रॉजर बिलहॅम यांसह अनेक संशोधकांनी, त्यांत बंगळूरच्या संशोधकांचाही मोठा वाटा होता, एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणाची दक्षिणेकडील जुनी ठाणी शोधून काढली आणि त्यांतील अंतरे उपग्रहांच्या साहाय्याने पुन्हा मोजली. प्रश्न असा होता, की १८६४ पासून १९९४ पर्यंतच्या एकशेतीस वर्षांत दक्षिण भारताचा खडक किती ताणला वा दबला गेला? हिमालय वर उचलला जात आहे, कोयना व किल्लारी येथे जमीन हादरली आहे. मग द्वीपकल्पाचे काय? उत्तर असे आले, की बदल इतका अल्प आहे की तो दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. द्वीपकल्प विलक्षण स्थिर राहिला आहे.

हे उत्तर देता आले, याचा अर्थ जुनी मापे त्या सूक्ष्मतेला टिकली. ज्या खलाशांनी ठाण्याचा दगड नीट रोवला, ज्या निशाणवाल्याने दिवा अचूक बिंदूवर धरला, ज्या गणकाने दशांशाचे शेवटचे घरही आळस न करता भरले, त्यांच्या कामाची परीक्षा १९९४ मध्ये झाली आणि ते तीत उतरले. त्या निबंधाच्या शिरोभागी मात्र कामात भाग घेतलेल्या अनेकांची नावे ओळीने छापलेली आहेत. १८४८ चे एकटे नाव आणि १९९५ ची ही नामावळी, या दोहोंमधील अंतर हीच आमच्या मते या शास्त्रातील सन्मानाची खरी प्रगती होय.

पदके असावीत, असेच आमचे मत आहे. त्यांमुळे तरुणांस हुरूप येतो, उपेक्षित विषयाकडे लक्ष जाते, आणि शास्त्राला स्वतःची मोजपट्टी तपासून पाहावी लागते. परंतु जी संस्था पृथ्वीच्या अभ्यासाचा गौरव करू इच्छिते तिने नामांकनाच्या कागदात एक रकाना अधिक ठेवावा: हे संशोधन कोणाच्या नोंदींवर उभे आहे? समितीने तो वाचावा, आणि मानपत्रात त्या ठाण्याचे, वेधशाळेचे, मिळाल्यास निरीक्षकांचेही नाव लिहावे. त्यास खर्च नाही. त्याने मुख्य मानकऱ्याचा मान उणा होत नाही.

दूरच्या ठाण्यावर बसून रोजची वही भरणाऱ्यास आपल्या आकड्याचा उपयोग कोण, केव्हा करील, हे कधीच कळत नाही. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांनाही ते कळले नव्हते. तरीही २ सप्टेंबर १८५९ च्या रकान्यात त्यांनी आकडा मांडला, आणि बरोबर मांडला.